काझीसाहेबांचं भिणं आणि वर्कशॉपातला नवा ऑसिलोस्कोप

काझी मुजीबुद्दीन साहेबांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी अंगठी काढून घेतली, अशी आमची पहिली ओळख आहे. मी डोणगावचा दिगंबर वानखडे, आयटीआय नुकताच पास झालेला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालेला. मलकापूरला स्टेशनामागच्या गल्लीत साहेबांचं इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तिथे काम मिळेल म्हणून कुणीतरी मला धाडलं होतं. मी दारात उभा राहून नमस्कार केला, पण साहेबांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हतीच, ती माझ्या बोटावर होती. "हे आंगठी काढा आधी," ते म्हणाले. सासऱ्यांनी घातलेली अंगठी, उकाड्याने बोट फुगलेलं, ती काही निघेना. साहेब स्वतः उठले, मोरीतून साबणाची वडी घेऊन आले आणि माझा हात आपल्या हातात धरून त्यांनी ती फिरवत फिरवत काढली. "सोनं घरी बाईजवळ ठेवा. या उंबऱ्याच्या आत आंगावर धातू नको. मले भेव लागते," एवढं सांगून झाल्यावर मग त्यांनी माझं नाव विचारलं.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, मालक चांगले वाटतात, पण फार भित्रे आहेत. आज साहेबांच्या वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही माझं त्या दिवशीचं मत बदललेलं नाही.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला 'काझीसाहेबांचं धाडस' हा विषय दिला होता. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याला आग लागली तेव्हा ते धुरात शिरून मुख्य स्विच बंद करून आले, हे खरं आहे. दवाखान्यातलं बंद पडलेलं यंत्र त्यांनी ईदच्या दिवशी जेवणावरून उठून जाऊन सुरू करून दिलं, हेही खरं आहे. ते सगळं इतर मान्यवर लिहितीलच. मी मात्र संपादकांची क्षमा मागून विषय बदलून घेतला आहे. मी पाहिलेले साहेब आयुष्यभर भीत भीत काम करत आले, आणि त्यांच्या भिण्यामुळेच माझ्यासारखे काही जण हातपाय शाबूत ठेवून लेख लिहायला उरले आहेत. मी स्वतः जन्माचा भित्रा आहे. त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

आमचं काम काय, हे आधी सांगायला हवं. कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांची नियंत्रणं, वजनकाटे, दवाखान्यातली लहानमोठी उपकरणं, असं जे जे बिघडेल ते आमच्याकडे येई किंवा आम्ही त्याच्याकडे जात असू. या कामात ऑसिलोस्कोप लागतो. वीज डोळ्यांना दिसत नाही, ती कशी चालली आहे हे स्कोप पडद्यावर रेघ काढून दाखवतो. रेघ नीट खालीवर होत असेल तर सगळं ठीक, वेडीवाकडी झाली तर दुखणं तिथे. आमचा जुना स्कोप जुन्या पद्धतीचा, म्हणजे अॅनालॉग होता. जड लोखंडी पेटी, समोर हिरवा पडदा, आणि गरम झाला की धूळ भाजल्याचा वास. साहेब त्याला 'बडे मियाँ' म्हणत आणि त्याच्याशी बोलताना आवाज खाली ठेवत.

बडे मियाँला भिण्याचं कारण होतं. स्कोपला एक काळी क्लिप असते. ती आतून त्याच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते आणि अंग प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीला. पुस्तकात हे चांगलं असतं. पण जिनिंगच्या मोटारीच्या नियंत्रणात ती क्लिप जिथे लावायची, ती जागाच जिवंत विजेची. तिथे क्लिप लावली की तिसऱ्या पिनेतून वीज जमिनीत धावते, मोठा आवाज होतो आणि निम्मं यंत्र जळतं. म्हणून आमच्या धंद्यातले लोक काय करतात, तर तिसऱ्या पिनेला काळी टेप गुंडाळतात, नाहीतर ती कापूनच टाकतात. मग स्फोट होत नाही. फक्त स्कोपची ती लोखंडी पेटीच जिवंत होऊन बसते, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन तुम्ही रेघ पाहत असता. हे करू नये असं सगळ्या पुस्तकांत लिहिलं आहे आणि हे सगळे करत आले आहेत. साहेबांनी पॉलिटेक्निकमध्ये रीतसर शिक्षण घेतलं होतं, त्यांना ते पुस्तक पाठ होतं. दुसरा इलाज नव्हता म्हणून तेही करत. मात्र एकदाही न भिता केलं नाही.

त्यांनी त्यासाठी एक रीत घालून दिली होती. वीज चालू करायला स्विच पाडायच्या आधी ते मोठ्याने विचारत, "हात कुठं?" खोलीत जो कोणी असेल त्याने उत्तर द्यायचं, "खिशात." प्रत्येकाचं उत्तर आल्याशिवाय स्विच पडत नसे. एकदा बँकेचे मॅनेजर सहज डोकावले होते, त्यांनाही विचारलं. त्यांना वाटलं, साहेब चेष्टा करतात. ते नुसते हसले. साहेब स्विचवर हात ठेवून तसेच उभे. शेवटी मॅनेजर ओशाळून "खिशात" म्हणाले, तेव्हा काम पुढे गेलं. गावात आमची यावरून भरपूर टिंगल झाली. चहाच्या टपरीवर लोक मला लांबूनच "हात कुठं बे?" असं विचारत. मी खिशातून हात काढून चहा घेत असे.

साहेबांचं भिणं मी जवळून पाहिलेलं आहे. वरच्या ओठावर घाम येई आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणं चाले. मी एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, एवढ्या वर्षांचा अनुभव, तरी भेव लागते?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अशुभ बोललो होतो. "अनुभव आहे म्हणूनच लागते, दिगंबर. तुले ज्या दिवशी लागणार नाही, त्या दिवशी मले सांग. मी तुले घरी धाडतो."

याच सुमारास आमच्या भागात बीटी कापसाचं बियाणं आलं. पहिली काही वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर कापूस आला, नव्या जिनिंग उभ्या राहिल्या, नवी यंत्रं आली, आमचं काम दुप्पट झालं. पण गावाकडून येणाऱ्या बातम्या काही बऱ्या नसत. कुठे लाल्या रोग पडून हिरवं शेत आठवड्यात तांबडं झालं, कुठे फवारून फवारून माणसं आजारी पडली. ओळखीच्या घरात फोन वाजला की घेणाऱ्याचा हात आधी थांबे.

माझे थोरले भाऊ डोणगावला शेती पाहत. लागोपाठ दोन हंगाम बिघडले आणि दादा बोलेनासे झाले. ओसरीवर बसायचे, विचारलं तर हो-नाही म्हणायचे. मी दुकानात एकदा सहज बोलून गेलो. आठ-दहा दिवसांनी वहिनींचा फोन आला, "तुमचे साहेब येऊन गेले." मला काही कळेना. साहेब बुलढाण्याला गाडी बदलून, दिवसभराचा प्रवास करून एकटेच डोणगावला गेले होते. सोबत पिशवीत हातोडी, कडी आणि कुलूप. फवारणीची औषधं ज्या फडताळात असत, त्याला त्यांनी आपल्या हाताने कडी ठोकली, कुलूप लावलं आणि किल्ली वहिनींच्या हाती दिली. दादांना म्हणाले, "घरात लेकरं खेळतात, मले लेकरांचं लय भेव लागते. औषध पाहिजे तेव्हा भाभीकडून मागून घेत जा." मग दादांसोबत भाकरी खाल्ली, शेतावर चक्कर मारली आणि परतीची गाडी धरली. घरात लेकरं नव्हतीच, दोन्ही पुतण्या शिकायला मेहकरला होत्या. हे साहेबांनाही माहीत होतं आणि दादांनाही.

दादा आज शेतात उभे आहेत. त्या कुलपाचा त्यात किती वाटा होता, ते मी सांगू शकत नाही. दादांना मी कधी विचारलेलं नाही. विचारायची मला भीती वाटते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. बडे मियाँचा पडदा अंधुक होत चालला होता. रेघ पाहायला दार लावून अंधार करावा लागे, आणि त्या जातीची पडद्याची नळी कुठे मिळेना. डिजिटल स्कोप घेणं भाग होतं. साहेबांनी ते जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली, चाळली, उशाशी ठेवली. त्यात भिण्यासारख्या गोष्टी दोन होत्या. पहिली त्यांनी मला ट्यूबलाइटखाली फिरता पंखा दाखवून समजावली. पंख्याचा वेग एका ठरावीक जागी आला की पाती थांबल्यासारखी दिसतात, कधी उलटी फिरतानाही दिसतात. "बडे मियाँ वीज जशी आहे तशी दाखवतात. हा नवा स्कोप मधे मधे डोळे उघडून पाहते आणि बाकीचं मनानं जोडते. चुकीच्या वेळी डोळे उघडले तं पंखा थांबला म्हणून सांगीन. आन् आपण हात घालू." ही भीती खरी होती. डिजिटल स्कोपची मांडणी चुकली तर तो फार वेगाच्या लाटेला संथ, देखणी लाट करून दाखवतो. साहेबांना कुरूप रेघेचं काही वाटत नसे, देखण्या रेघेचं वाटे.

दुसरी भीती मात्र त्यांना तेव्हा सुचलेली नव्हती. आम्हा कुणालाच सुचली नव्हती.

नागपूरच्या एका कंपनीचे बोरकर म्हणून प्रतिनिधी होते. चाळिशीचे, मनमिळाऊ, आपल्या मालाची खरी माहिती देणारे गृहस्थ. ते नवा स्कोप दाखवायला घेऊन आले. हलका, रंगीत पडदा, रेघ थांबवून ठेवायची सोय, लॅपटॉपला जोडायची सोय. आणि अंग सगळं प्लास्टिकचं. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि मला अक्षरशः सुटल्यासारखं वाटलं. लोखंडी पेटीजवळ तोंड नेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. साहेबांनीही हात फिरवला. "चटका नाही देणार हा," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी त्यांना स्कोपजवळ हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याच दुपारी एका जिनिंगमधून बोलावणं आलं. हंगाम ऐन भरात होता. मोटारीचा वेग कमीजास्त करणारं नियंत्रण, ज्याला आम्ही ड्राइव्ह म्हणतो, ते पुन्हा पुन्हा बंद पडत होतं. फाटकाबाहेर कापसाचे ट्रॅक्टर उभे, आभाळ भरून आलेलं आणि शेठ दारात येरझाऱ्या घालणारे. बोरकर म्हणाले, "माझा स्कोप सोबत आहेच, साहेब. तिथेच पारखून घ्या." साहेबांना ते पटलं. मला तर फारच पटलं.

पॅनेलच्या खोलीत आम्ही तिघं होतो, शेठ दारात. नव्या स्कोपलाही दोन पिनांचा प्लग लावला, कारण काम जुनंच होतं. पॅनेल बंद असताना साहेबांनी क्लिप लावली, मग स्विच पाडला. पडद्यावर रंगीत रेघ उमटली. इतकी स्वच्छ, की आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. शेठसुद्धा आत येऊन माझ्या खांद्यावरून पाहू लागले. बोरकर उत्साहात आले होते. त्यांनी लॅपटॉप एका पोत्यावर ठेवला, त्याची वायर काढली आणि तिचं मोकळं टोक माझ्या हातात दिलं. "वानखडेसाहेब, स्कोपच्या मागे खाच आहे, तिथे लावा. हे चित्र आपण जपून ठेवू." मी वायरच्या टोकाची लोखंडी जीभ दोन बोटांत धरली आणि स्कोपच्या मागे हात नेला.

तेवढ्यात पॅनेलचा स्विच उडाला. साहेबांनी बंद केला होता.

"थांब," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की मला तो साहेबांचा वाटलाच नाही. मी हात तसाच अधांतरी धरून राहिलो. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

शेठ वैतागले. "काऊन बंद केलं, काझीसाहेब? रेघ तं झकास येऊन राह्यली होती."

"मले भेव नाही लागून राह्यलं," साहेब म्हणाले. "एवढा वेळ झाला, मले भेवच नाही लागलं. मी हात कुठं म्हणून विचारलं नाही. कोणी तरी ऐकलं काय माझ्या तोंडून?"

कुणीच ऐकलं नव्हतं. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. "दिगंबर, तू तिथून हल. कशाले हात लावू नको. नुसता मागं ये," ते म्हणाले. मी मागे आलो. पॅनेल बंद केलं तरी ड्राइव्हच्या पोटात वीज साठून राहते, तिचा लाल दिवा असतो. तो विझेपर्यंत साहेबांनी कुणाला बोटही हलवू दिलं नाही. त्या दिव्याकडे पाहत आम्ही चौघे उभे होतो. मग त्यांनी माझ्या हातातली वायर स्वतः काढून घेतली, लांब दांड्याचा टेस्टर स्टँडला बांधून त्याचं टोक स्कोपच्या मागच्या खाचेच्या लोखंडी तोंडाला टेकवलं, टेस्टरच्या मागच्या टोकातून एक तार अर्थिंगच्या पट्टीला नेली आणि सगळ्यांना भिंतीशी उभं केलं.

"हात कुठं?"

"खिशात," आम्ही म्हणालो. बोरकरही म्हणाले. शेठही म्हणाले, आणि त्यांनी तर बिनखिशाचं धोतर नेसलेलं होतं.

स्विच पडला आणि टेस्टरचा दिवा लागला. ढणढणीत लागला. प्लास्टिकच्या त्या देखण्या डब्याच्या मागे, जिथे मी दोन बोटांत लोखंड धरून हात नेला होता, तिथे जिनिंगची सगळी वीज येऊन बसली होती. प्लास्टिकने ती फक्त झाकली होती.

बोरकर पोत्यावर खालीच बसले. त्यांना घाम फुटला होता. "साहेब, मी हा स्कोप असाच किती ठिकाणी दाखवला आहे," ते म्हणाले. साहेब त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचीच एकट्याची गलती नाही, भाऊ. मलेबी प्लास्टिक पाहून बरं वाटलं. लोखंड होतं तोवर आंगावर काटा तरी येत होता." मग म्हणाले, "माझा माणूस गेला असता आज. अन् मी हसत राह्यलो असतो." हे बोलताना ते रडत होते. साहेबांना मी त्याआधी फक्त त्यांच्या अम्मी गेल्या तेव्हा रडताना पाहिलं होतं. माझ्यासाठी कुणी मालक रडेल, असं माझ्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं, आणि मला ते पाहवेना, म्हणून मी बाहेर जाऊन ट्रॅक्टरच्या रांगेकडे तोंड करून उभा राहिलो.

ड्राइव्हचं काम त्या दिवशी बडे मियाँवरच झालं. गाडी पाठवून त्यांना आणवलं, खिडकीला पोती लावून अंधार केला, आणि त्या अंधुक हिरव्या रेघेत दुखणं सापडलं. पाऊस पडायच्या आत जिनिंग सुरू झाली. शेठ खूश झाले, पण घरी जाताना मी विजेचा प्रत्येक खांब लांबून टाळत गेलो.

त्यानंतर साहेबांनी नव्या स्कोपची निवड ज्या रीतीने केली, ती आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. त्यांच्यापुढे दोन होते. एक तोच, मोठ्या रंगीत पडद्याचा. दुसरा हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा, पडदा तळहाताएवढा, सोयी बेताच्या, आणि किंमत पहिल्याहून जास्त. पण या दुसऱ्याची क्लिप त्याच्या अंगाशी जोडलेली नव्हती, त्याच्या पोटात वीज अडवणारी भिंत होती. जिवंत जागी क्लिप लावली तरी बाहेर कुठेही ती उतरत नसे. तिसरी पिन कापायची गरजच नव्हती. बोरकर स्वतः त्याचं माहितीपत्रक घेऊन आले. पहिल्याच्या विक्रीवर त्यांना कमिशन अधिक होतं, तरी म्हणाले, "साहेब, तुम्ही हाच घ्या." गावातले जाणकार म्हणत होते, एवढ्या पैशात एवढासा पडदा कुणी घेतं का? किंमत ऐकून साहेबांच्या पत्नींनी, म्हणजे आमच्या भाभींनी, कपाळाला हात लावला. पैसे जमेपर्यंत साहेबांनी वर्षभर वाट पाहिली, तोवर बडे मियाँवर अंधारात डोळे ताणले, आणि घेतला तो लहानच घेतला.

नवीन स्कोप आल्यावर पहिले कित्येक महिने ते एकच लाट दोन्ही स्कोपवर शेजारी शेजारी पाहत. नवा खरं बोलतो याची खात्री होईपर्यंत त्यांनी त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणाच्या यंत्राला हात लावला नाही. आणि हात कुठं हे विचारणंही थांबवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, आता त्याची गरज नाही." ते म्हणाले, "मशीनले नाही. आपल्याले आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जिची वाच्यता त्यांना आवडणार नाही. आमच्यासारखेच दोन पिनांवर काम करणारे जे जे कारागीर त्यांना ठाऊक होते, मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत, त्यांच्याकडे ते एकेक करून गेले. सोबत तो टेस्टर आणि कुठूनतरी मागून आणलेला प्लास्टिकच्या अंगाचा स्कोप. प्रत्येकाच्या दुकानात दिवा लावून दाखवला. काहींनी चहा पाजला, काहींनी थट्टा केली. एका उर्मट गृहस्थाने तर, मुसलमान असून इतके घाबरता, असं म्हटलं. साहेबांनी त्याच्याही दुकानात दिवा लावून दाखवला आणि "हाव, लय घाबरतो," म्हणून ते बाहेर पडले. मला राग आला होता. साहेबांना त्या माणसाची काळजी वाटत होती, आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा त्याच्याकडे गेले.

दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या छातीत पेसमेकर बसवला. मोठ्या विजेच्या पॅनेलजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. तेव्हापासून पॅनेलच्या खोलीत मी जातो, साहेब बाहेर बसतात. खरंतर त्यांनी यायचंच नाही, पण घरी त्यांचा जीव रमत नाही आणि भाभीही म्हणतात, घेऊन जा, इथे बसून ते मलाच घाबरवतात.

परवा एका जिनिंगला गेलो होतो. ड्राइव्ह मोठा, दुखणं अवघड. मी आत शिरलो, साहेबांना अंगणात कापसाच्या एका गठाणीवर बसवलं. आत मला फार भीती वाटली. कितीदा क्लिप सोडली, पुन्हा लावली, पुन्हा दिवा विझायची वाट पाहिली. वेळ फार गेला. बाहेर आलो तर साहेब गठाणीवर नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरावर मी दरवेळी खडूने रेघ ओढून ठेवतो, त्या रेघेला पायाची बोटं लावून उभे होते. टोपी हातात चुरगाळलेली, वरच्या ओठावर घाम.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, साहेब."

"भेव लागलं?"

"लय लागलं."

"अल्हमदुलिल्लाह," ते म्हणाले. मग माझा दंड धरून सावकाश खाली बसले आणि पाणी मागितलं.

काझीसाहेबांना परमेश्वराने निरोगी दीर्घायुष्य द्यावं, ही प्रार्थना या ग्रंथातले सगळेच करतील. माझी प्रार्थना थोडी स्वार्थी आहे आणि ती मी सरळ साहेबांनाच सांगतो. साहेब, तुम्ही मला काम शिकवलंत, ते आता मला एकट्याला जमतं. पण आत असताना बाहेर कुणीतरी माझ्यासाठी भीत उभं आहे, हे ठाऊक असल्याशिवाय माझा हात अजून पुढे होत नाही. एकट्याने भिणं मला आलेलं नाही, आणि ते शिकायची माझी इच्छाही नाही. म्हणून डॉक्टरांचं ऐका, गोळ्या वेळेवर घ्या आणि पुष्कळ वर्षं बाहेर उभे राहा.